आपल्याच चित्रांचा अर्थ शोधताना

अमूर्त चित्रकलेचा इतिहास कँडिन्स्की, मालेविच आणि माँड्रियन या तिघांपासून सांगण्याची रीत होती. त्यांच्याही आधी स्टॉकहोममध्ये एका स्त्रीने अमूर्त चित्रांची प्रचंड मालिका रंगविली आणि उरलेले आयुष्य त्या चित्रांचा अर्थ लावण्यात घालविले. हिल्मा आफ क्लिंट या स्वीडिश चित्रकर्तीची ही जीवनकथा.

विसाव्या शतकातील साठचे दशक संपत आले होते. स्टॉकहोममध्ये माळ्यावर ठेवून दिलेल्या काही पेट्या आणि कापडाच्या गुंडाळ्या त्या सुमारास उघडण्यात आल्या. मालक होते एरिक आफ क्लिंट, स्वीडिश नौदलातील व्हाइस अ‍ॅडमिरल. हा सारा ऐवज त्यांच्या आत्याचा. १९४४ मध्ये ती वारली तेव्हा तिने आपली सर्व चित्रे आणि वह्या भाच्याच्या नावे केल्या होत्या. त्यांतील कित्येक वह्यांवर तिने अधिकचे चिन्ह आणि त्यापुढे फुली अशी खूण केली होती. ही खूण असलेले काहीही आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षे लोटल्याखेरीज उघडू नये, असा तिचा निर्बंध होता.

एरिक यांनी तो पाळला. गुंडाळ्या उलगडल्या तेव्हा जे दिसले त्याची कल्पना घरातील कोणालाही नव्हती. तीन मीटरहून उंच असे कागद, त्यांवर वेटोळी, पाकळ्या, शिंपल्यांसारखे आकार, कोणत्याच ज्ञात भाषेतील नसलेली अक्षरे, निळ्या-पिवळ्या रंगांची वर्तुळे. हजाराहून अधिक चित्रे आणि रेखाटने, सोबत १२४ वह्या. या वह्यांची पाने २६ हजारांच्या वर भरतात. एका चित्रकाराने आपल्या चित्रांविषयी इतके लिहून ठेवल्याची उदाहरणे कलेच्या इतिहासात फार थोडी आहेत. या लिखाणात आत्मस्तुती जवळपास नाही. आपल्या हातून जे उतरले ते नेमके काय आहे, या एकाच प्रश्नाभोवती ती पाने फिरत राहतात.

हिल्मा आफ क्लिंट हिचा जन्म २६ ऑक्टोबर १८६२ रोजी स्टॉकहोमलगतच्या कार्लबर्ग राजवाड्यात झाला. त्या वास्तूत लष्करी प्रबोधिनी होती आणि वडील व्हिक्टर हे नौदल अधिकारी होते. पाच भावंडांत ती चौथी. घराण्याची परंपरा समुद्राशी बांधलेली होती. आजोबा गुस्ताफ आफ क्लिंट यांनी स्वीडनच्या किनाऱ्यांचे सागरी नकाशे तयार करण्यात हयात घालविली होती आणि त्या नकाशांच्या आधारे जहाजे चालत होती. पाण्याखालचा खडक डोळ्यांना दिसत नाही. पण त्याचे स्थान मोजून कागदावर आणता येते, हा या घरातील रोजचा व्यवहार होता. अदृश्याचा आराखडा काढता येतो, हा विश्वास हिल्माच्या चित्रांत पुढे सर्वत्र आढळतो. तो तिला कुठून मिळाला असेल, हे शोधायला फार दूर जावे लागत नाही.

उन्हाळ्यात हे कुटुंब मेलारन सरोवरातील आडेल्सो बेटावर जाई. तिथे घराण्याची जुनी वाडी होती. शेते, झाडे, पाणवठे यांच्या सहवासात ती वाढली आणि वनस्पतींचे बारकाईने निरीक्षण करण्याची सवय तिला तिथेच लागली. १८८० मध्ये धाकटी बहीण हर्मिना वारली. तिचे वय अवघे दहा वर्षांचे होते. मृतांशी संवाद साधू पाहणाऱ्या बैठकांना हिल्मा त्याआधीपासूनच जाऊ लागली होती. बहिणीच्या मृत्यूनंतर ही ओढ अधिक गंभीर झाली. आपल्याकडे प्लँचेट म्हणून जो प्रकार ठाऊक आहे, त्याच जातीच्या या बैठका. त्या काळच्या युरोपातील सुशिक्षित मध्यमवर्गात त्यांचे प्रस्थ मोठे होते.

चित्रकलेचे शिक्षण मात्र तिने अत्यंत शिस्तशीर घेतले. आधी तांत्रिक शाळेत, मग १८८२ ते १८८७ या काळात स्टॉकहोमच्या शाही कला अकादमीत. या अकादमीने स्त्रियांना १८६४ पासून प्रवेश दिला होता आणि त्या बाबतीत स्वीडन युरोपातील अनेक देशांच्या पुढे होता. हिल्मा विशेष गुणवत्तेने उत्तीर्ण झाली. अकादमीच्या मालकीच्या हम्नगातान रस्त्यावरील इमारतीत तिला कार्यशाळेसाठी जागा मिळाली. त्याच इमारतीत ब्लांच यांचे कलादालन होते. १८९४ मध्ये नॉर्वेच्या एडवर्ड मुंकची चित्रे तिथे मांडली गेली होती. म्हणजे आधुनिक कलेची चाहूल तिला लागलीच नसेल, असे म्हणण्याला जागा नाही.

उपजीविकेसाठी ती व्यक्तिचित्रे, निसर्गचित्रे आणि वनस्पतींची शास्त्रीय चित्रे काढीत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिने आणि तिची मैत्रीण अ‍ॅना कासेल हिने पशुवैद्यक संस्थेत आरेखक म्हणूनही काम केले. घोड्यांवरील शस्त्रक्रियांची चित्रे तिथे काढावी लागत. पाकळीची शीर किंवा सांध्याचे हाड जसेच्या तसे उतरविणारा तिचा हात होता. ज्यांनी तिला नंतर केवळ भाविक किंवा भ्रमिष्ट ठरविले, त्यांनी तिची ही चित्रे क्वचितच पाहिली होती.

१८९६ मध्ये पाच स्त्रियांनी मिळून एक मंडळ स्थापन केले. त्याचे नाव साधे होते, ‘पाच’. हिल्मा, अ‍ॅना कासेल, कॉर्नेलिया सेडरबर्ग, सिग्रिड हेडमन आणि मॅथिल्डा निल्सन. दर शुक्रवारी त्या एकत्र जमत. प्रार्थना, ध्यान, बायबलचे वाचन आणि त्यानंतर बैठक. अमालिएल, आनंद, क्लेमेन्स, एस्थर, गेओर्ग, ग्रेगोर अशा नावांच्या उच्च शक्ती आपल्याशी बोलतात, अशी त्यांची श्रद्धा होती. जे कळे ते एक जण टिपून घेई. कधी पेन्सिल आपोआप फिरू लागे आणि कागदावर वेलांट्या, फुले, गुंतवळी उमटत. अमूर्त चित्रांची पहिली बीजे या कागदांवर दिसतात. युरोपातील अतियथार्थवाद्यांनी आपोआप लेखनाचा प्रयोग पुढे मोठ्या डामडौलाने केला. त्याच्या दोन तपांहूनही अधिक काळ आधीची ही गोष्ट.

या नावांत ‘आनंद’ हे बुद्धाच्या शिष्याचे नाव आढळते, याचे आश्चर्य वाटायला नको. थिऑसॉफीच्या विचारांचा तेव्हा युरोपभर प्रसार झाला होता. मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत येऊन राहिले. १८८२ मध्ये त्यांनी संस्थेचे मुख्यालय मद्रासजवळच्या अड्यार येथे नेले. हिंदू आणि बौद्ध कल्पनांचा त्यांनी केलेला अन्वयार्थ तिथून पश्चिमेत पोहोचत होता. हिल्माने ब्लाव्हाट्स्कीचे ग्रंथ वाचले होते आणि ती या चळवळीशी संलग्न होती. कँडिन्स्कीनेही थिऑसॉफीचा अभ्यास केला होता आणि माँड्रियन तर १९०९ मध्ये त्या संस्थेचा सभासद झाला. विज्ञानही तेव्हा अदृश्याकडेच निघाले होते. हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या होत्या. १८९५ मध्ये रोंटगेनने क्ष-किरण शोधले आणि मांसाआडचे हाड छायाचित्रात दिसू लागले. डोळ्यांना दिसते त्यापलीकडे पुष्कळ काही आहे, ही त्या पिढीची सार्वत्रिक जाणीव होती. हिल्माचा वेगळेपणा तिने त्या जाणिवेचे चित्रांत काय केले, यात आहे.

बैठकांतून असे सांगण्यात येऊ लागले की एक मंदिर उभारायचे आहे आणि त्यासाठी चित्रे हवी आहेत. मंडळातील इतरांना हे काम जोखमीचे वाटले. १९०६ च्या पहिल्या दिवशी हिल्माने ते स्वीकारले. ती तेव्हा ४३ वर्षांची होती. अनेक महिने तयारीत गेले आणि नोव्हेंबरमध्ये ‘आदिम गोंधळ’ ही २६ लहान चित्रांची पहिली मालिका सुरू झाली. निळा, पिवळा आणि त्या दोहोंच्या मिश्रणाचा हिरवा, एवढेच मुख्य रंग. तिच्या संकेतात निळा हा स्त्रीतत्त्वाचा, पिवळा पुरुषतत्त्वाचा आणि हिरवा दोघांच्या ऐक्याचा. जगाच्या आरंभी एक असलेले दोन झाले आणि पुन्हा एक होण्यासाठी ते धडपडत आहेत, ही त्या चित्रांमागची कथा. अर्धनारीश्वराची कल्पना ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना ती परकी वाटणार नाही.

पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या जेमतेम दोन महिन्यांत तिने ‘दहा भव्य चित्रे’ पूर्ण केली. प्रत्येक चित्र सुमारे सव्वातीन मीटर उंच आणि दोन मीटर चाळीस सेंटीमीटर रुंद. कागद जमिनीवर पसरून, त्यावर वावरत ती टेम्पराच्या रंगांत काम करी; मदतीला कॉर्नेलिया सेडरबर्ग आणि आणखी एक मैत्रीण असे. नंतर हे कागद कापडावर चिकटविण्यात आले. माणसाच्या आयुष्याच्या चार अवस्था हा या दहा चित्रांचा विषय. बाल्य दोन चित्रांत, तारुण्य दोन, प्रौढपण चार आणि वार्धक्य दोन चित्रांत. बाल्याची पार्श्वभूमी गडद निळी, तारुण्याची झगझगीत नारिंगी, प्रौढपणाची जांभळट आणि वार्धक्याची फिकट. तारुण्यात वेटोळी एकमेकांत घुसतात, गिरक्या घेतात. वार्धक्याच्या शेवटच्या चित्राशी येईतो सारी धावपळ शमून जाते आणि रचना सममित, शांत होते. आपण काय काढीत आहोत याची पूर्वकल्पना आपल्याला नसते, रेषा दुरुस्त करण्याची गरजही पडत नाही, असे तिने नमूद करून ठेवले आहे. त्याचबरोबर आपण केवळ आज्ञाधारक हात आहोत, असेही ती मानीत नव्हती. तिच्या अनुभवात त्या शक्ती तिच्या शेजारी उभ्या असत आणि काम ती स्वतः करीत असे.

१९०८ च्या एप्रिलपर्यंत १११ चित्रे झाली होती. कँडिन्स्कीने आपले जे चित्र जगातील पहिले अमूर्त चित्र म्हणून पुढे आग्रहाने मांडले, ते १९११ चे आहे.

त्यानंतर मात्र चार वर्षे काम थांबले. या खंडाची एक गोष्ट फार सांगितली जाते. थिऑसॉफीच्या जर्मन शाखेचे प्रमुख आणि पुढे मानवप्रज्ञा अर्थात अँथ्रोपॉसॉफी या चळवळीचे संस्थापक रुडॉल्फ स्टायनर स्टॉकहोमला आले असता त्यांनी तिची चित्रे पाहिली. ही चित्रे पन्नास वर्षे कोणालाही कळणार नाहीत, असे त्यांनी सुनावले आणि ती खचली, अशी ही कथा. अलीकडच्या अभ्यासकांना या भेटीचा आणि त्या निवाड्याचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. दुसरे कारण मात्र घरातच होते. आईची दृष्टी गेली. वडील १८९८ मध्येच वारले होते. अविवाहित मुलगी म्हणून आईची शुश्रूषा हिल्माकडे आली आणि तिने हम्नगातानची कार्यशाळा सोडली. महापुरुषाच्या एका वाक्याने खचलेली स्त्री ही कथा सांगायला नाट्यमय आहे. दृष्टिहीन आईचा हात धरून घरात बसलेली चित्रकर्ती ही वस्तुस्थिती त्यामानाने साधी असल्यामुळे चरित्रांत तिला कमी जागा मिळाली.

१९१२ मध्ये तिने पुन्हा कुंचला हाती घेतला, तेव्हा पद्धत बदलली होती. आता प्रतिमा मनात उमटत आणि त्या कशा मांडायच्या हा निर्णय अधिकाधिक तिचा असे. १९१४-१५ मधील ‘हंस’ ही २४ चित्रांची मालिका या बदलाची साक्ष आहे. पहिल्या चित्रात आडव्या रेषेने विभागलेल्या पृष्ठभागावर एक पांढरा आणि एक काळा हंस समोरासमोर येतात. त्यांच्या चोची परस्परांना भिडतात. पुढे पक्षी विरघळत जातात, त्यांची वर्तुळे, घन आणि रंगपट्टे होतात आणि मालिकेच्या अखेरीस हंस परत येतात, ते एकमेकांत गुंफलेले. १९१५ मध्ये तीन ‘वेदीचित्रे’ झाली. एकात इंद्रधनुषी पायऱ्यांचा त्रिकोण सोनेरी सूर्यबिंबाकडे चढत जातो, दुसऱ्यात तो उलटा होऊन खाली उतरतो आणि तिसऱ्यात सोन्याचे मोठे वर्तुळ उरते. जडाकडून चैतन्याकडे आणि चैतन्याकडून जडाकडे अशी ही ये-जा होती. मंदिराची चित्रे इथे संपली. एकूण १९३.

मंदिर मात्र कुठेच नव्हते. आणि जिने चित्रे रंगविली तिलाही त्यांचा पूर्ण अर्थ उमगलेला नव्हता. तिच्या आयुष्याचा खरा विलक्षण भाग इथून सुरू होतो. ५३ वर्षांची ही चित्रकर्ती आपल्याच चित्रांची विद्यार्थिनी झाली.

१९१७ मध्ये मैत्रिणींच्या आर्थिक साहाय्याने आडेल्सोशेजारच्या मुन्सो बेटावर एक प्रशस्त कार्यशाळा बांधण्यात आली आणि भव्य चित्रे तिथे हलविली गेली. पुढच्या वर्षी ती आईला घेऊन बेटावर राहायला गेली. आईची परिचारिका थॉमसिन अँडरसन सोबत होती आणि पुढे हीच थॉमसिन तिची अनेक वर्षांची सोबतीण झाली. या काळात हिल्माने आत्मिक जीवनाविषयीचे चिंतन सांगून लिहून घेतले. त्याची टंकलिखित पाने सुमारे बाराशे आहेत. जुन्या वह्या पुन्हा वाचणे, त्यांची सुवाच्य प्रत करणे, अनुक्रमणिका लावणे हे काम वर्षानुवर्षे चालले. चित्रांत आलेली अक्षरे आणि चिन्हे यांचा तिने एक कोशच तयार केला. ‘यू’ हे अक्षर चैतन्याचे, ‘डब्ल्यू’ हे जडाचे. गोगलगाईचे वा शंखाचे वेटोळे म्हणजे उत्क्रांती. कोशातील एकाच चिन्हापुढे अनेकदा दोन-तीन अर्थ दिलेले आढळतात, कारण दर वाचनात तिला नवे काही दिसत होते. नोंद खोडून टाकण्याऐवजी ती शेजारी नवी नोंद करी.

याच काळात ती दहा निळ्या रंगाच्या लहान वह्यांत एक वेगळाच संग्रह सिद्ध करीत होती. मंदिराच्या चित्रांपैकी प्रत्येकाचे कृष्णधवल छायाचित्र आणि शेजारी त्याच चित्राची जलरंगातील छोटी प्रतिकृती, अशी त्यांची मांडणी. तीन मीटरचे चित्र तळहाताएवढे करून ती प्रवासात बरोबर नेऊ शकत होती, कोणा जाणत्याला दाखवू शकत होती. ही चित्रे तिने जगापासून कसोशीने लपवून ठेवली, ही समजूत या वह्यांपुढे टिकत नाही. समजून घेणारा माणूस तिला हवा होता.

१९१९-२० मध्ये ती पुन्हा फुलांकडे वळली. जलरंगात काढलेले हुबेहूब फूल आणि शेजारी एक लहान भौमितिक आकृती, अशी ही पाने. त्या वनस्पतीपाशी मनाचा कोणता गुण किंवा कोणती अवस्था जाणवते, ते आकृतीत आणि टिपणात सांगितलेले असे. अकादमीत शिकलेला हात आणि शुक्रवारच्या बैठकांत घडलेली दृष्टी या पानांवर प्रथमच शेजारी शेजारी आली. हा संच १९१९ च्या वसंतात सुरू झाला आणि १९२० मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी आई वारली.

आईच्या पश्चात ती मोकळी झाली आणि स्वित्झर्लंडमधील डॉर्नाख येथे, स्टायनर यांच्या केंद्रात, वारंवार जाऊ लागली. १९२० मध्ये ती मानवप्रज्ञा संस्थेची सभासद झाली होती. आपल्या चित्रांना डॉर्नाखमध्ये स्थान मिळावे, निदान त्यांचे काय करावे हे कोणी सांगावे, ही तिची अपेक्षा होती. ती तिथे पुरी झाली नाही. तेथील रंगविचाराचा परिणाम होऊन तिने भौमितिक आकार सोडले आणि ओल्या कागदावर रंग वाहू देणारी जलचित्रे काढली. १९२८ च्या जुलैमध्ये लंडनमध्ये भरलेल्या मानवप्रज्ञा चळवळीच्या जागतिक परिषदेत तिची काही चित्रे मांडली गेली. त्या प्रदर्शनाने फारसे काही घडले नाही. चित्रे परत आली.

तिचे वय सत्तरीकडे झुकले होते. तरीही १९३०-३१ मधील वह्यांत मंदिराचे आराखडे आढळतात. इमारत गोल, मजले वर वर चढत जाणारे, मधून फिरत जाणारा जिना. पाहणारा तळापासून चित्रे पाहत शिखराकडे जाईल आणि वेदीचित्रांपाशी पोहोचेल, अशी योजना. १९३२ मध्ये मात्र तिने वह्यांवर ती खूण केली आणि वीस वर्षांचा निर्बंध लिहून ठेवला. याला वैफल्य म्हणावे की व्यवहारज्ञान, याचा निर्णय अवघड आहे. भोवतालच्या माणसांना चित्रे दाखवून पाहिली होती, उत्तर मिळाले नव्हते. जी पिढी अजून जन्माला आली नव्हती, तिच्याकडे तो प्रश्न सोपविणे एवढाच मार्ग उरला होता.

शेवटची वर्षे उप्साला, हेल्सिंगबोर्ग, लुंड अशा गावांत गेली. १९४० मध्ये थॉमसिन वारली. १९४४ मध्ये हिल्मा स्टॉकहोमजवळ चुलत बहीण हेडविग हिच्याकडे राहायला आली. त्या शरद ऋतूत ट्रॅमच्या अपघातात ती जखमी झाली आणि २१ ऑक्टोबर रोजी, ८२ व्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना, तिचे निधन झाले. स्टॉकहोममधील नौदलाच्या दफनभूमीत वडिलांच्या शेजारी तिला चिरविश्रांती मिळाली. माँड्रियन त्याच वर्षी फेब्रुवारीत आणि कँडिन्स्की त्याच वर्षी डिसेंबरात वारला. त्यांच्या मृत्यूची कलाजगताने नोंद घेतली. हिल्माचे निधन त्या जगाच्या गावीही नव्हते.

पेट्या उघडल्यानंतरही वाट सोपी नव्हती. १९७० मध्ये हा संग्रह स्टॉकहोमच्या आधुनिक कला संग्रहालयाला देऊ करण्यात आला. मृतात्म्यांच्या बैठकांतून आलेल्या चित्रांत संग्रहालयाला रस नव्हता, नकार मिळाला. १९७२ मध्ये एरिक यांनी प्रतिष्ठान स्थापन केले आणि मंदिराच्या चित्रांचा संच विकला किंवा विखुरला जाऊ नये, अशी तरतूद केली. कला इतिहासकार ओके फांट यांनी १९८४ मध्ये हेलसिंकीच्या परिषदेत तिच्यावर निबंध वाचला आणि १९८६ मध्ये लॉस एंजलिसच्या संग्रहालयातील अध्यात्म आणि अमूर्त कला या विषयावरील प्रदर्शनात तिची चित्रे प्रथमच मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर आली. तरीही २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने अमूर्त कलेच्या जन्मावर भव्य प्रदर्शन भरविले, त्यात तिला जागा मिळाली नाही. २०१३ मध्ये मात्र स्टॉकहोमच्या त्याच संग्रहालयाने, ज्याने एकेकाळी संग्रह नाकारला होता, तिचे विस्तृत प्रदर्शन मांडले. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या काळात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात झालेले प्रदर्शन सहा लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. त्या संग्रहालयाच्या इतिहासातील तो उच्चांक ठरला. ज्या संग्रहालयाने २०१२ मध्ये तिला वगळले होते, त्याने २०२२ मध्ये तिच्या फुलांच्या पानांचा संच मिळविला आणि २०२५ मध्ये त्याचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले.

पहिले अमूर्त चित्र कोणाचे, हा वाद यानंतर रंगला. तो निकालात निघण्यासारखा नाही. लंडनमध्ये जॉर्जियाना हॉटन या स्त्रीने १८७१ मध्येच अशाच बैठकांतून उतरलेली अमूर्त जलचित्रे प्रदर्शित केली होती. शिवाय हिल्माच्या दृष्टीने तिची चित्रे अमूर्त होती का, हाही प्रश्न आहे. कँडिन्स्कीला वस्तूपासून मुक्त रंग हवा होता. हिल्मा प्रत्येक वेटोळ्याला अर्थ आहे असे मानून तो शोधीत होती. ‘पाच’ मंडळातील अन्य स्त्रियांचा, विशेषतः अ‍ॅना कासेलचा, या चित्रांतील वाटा किती, याचीही अलीकडे नव्याने छाननी सुरू झाली आहे. वह्या जसजशा वाचल्या जात आहेत, तसतसे एकाकी प्रतिभावंत स्त्रीचे चित्र मागे पडून एकमेकींना पैसा, श्रम आणि धीर देणाऱ्या मैत्रिणींचा समूह पुढे येत आहे. तिच्या थोरवीला त्यामुळे बाध येत नाही. १९३ चित्रांची जबाबदारी अंगावर घेऊन तीस-पस्तीस वर्षे ती वागविणारी तीच होती.

२०२५ मध्ये आणखी एक वाद चव्हाट्यावर आला. ही चित्रे मंदिरासाठी होती, तेव्हा ती संग्रहालयांच्या गर्दीत न मांडता साधकांसाठीच राखून ठेवावीत, अशी भूमिका प्रतिष्ठानाची सूत्रे हाती असलेल्या घराण्यातील वंशजाने मांडली. अनेक अभ्यासकांनी तिला विरोध केला. दोन्ही बाजूंना आधार तिच्याच वह्यांत सापडतो, ही यातील अडचण. मंदिराची आस तिला होती हे खरे आणि चित्रे दाखविण्यासाठी निळ्या वह्या घेऊन ती देशोदेशी फिरली हेही तितकेच खरे.

गुगेनहाइमची इमारत आतून गोल आहे. पाहणारा एका वळत जाणाऱ्या उतारावरून चित्रे पाहत वर चढतो. तिची कल्पना पुढे आली तेव्हा, १९४३ मध्ये, संग्रहालयाच्या पहिल्या संचालिका हिला रीबे यांनी वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे वस्तुविहीन चित्रांसाठी एका मंदिराचीच मागणी केली होती. इमारत १९५९ मध्ये खुली झाली. त्या दोघांपैकी कोणाला मुन्सोवरील वह्यांची माहिती असण्याचे कारण नव्हते. तरीही २०१८ च्या त्या हिवाळ्यात हजारो माणसे रोज तो वळणाचा रस्ता चढत होती. तळाशी ‘दहा भव्य चित्रे’ मांडलेली होती. बहुतेकांना थिऑसॉफी ठाऊक नव्हती, अमालिएलचे नावही त्यांनी ऐकलेले नव्हते. बाल्याच्या निळ्या चित्रापासून वार्धक्याच्या फिकट चित्रापर्यंत ती चालत जात, थांबत, पुन्हा मागे येऊन पाहत. मुन्सोच्या कार्यशाळेत ती चित्रकर्तीही वर्षानुवर्षे हेच करीत होती.